पनीरच्या आणि चक्क्याच्या पाण्यातून मेम्ब्रेनने नेमके काय परत मिळते?

मेघना_पार्ले

नमस्कार. विलेपार्ल्यात आमची दुधाची पेढी आहे. आजोबांनी ती सुरू केली आणि आज मी व माझा धाकटा भाऊ ती चालवतो. अंधेरी पूर्वेच्या आमच्या कारखान्यात रोज साधारण १२०० लिटर म्हशीच्या दुधाचे पनीर होते आणि ३०० लिटर दुधाला विरजण लावून चक्का टांगला जातो. गुढीपाडव्याच्या आणि दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात चक्क्याचे प्रमाण तिप्पट-चौपट होते. या सगळ्यातून रोज अंदाजे ११५० लिटर पिवळसर-हिरवट पाणी निघते. आजी त्याला निवळी म्हणायची आणि त्यातली दोन-चार भांडी तरी कणीक मळायला, आमटीत घालायला शेजारीपाजारी वाटायची. आज इतके पाणी वाटायचे कोणाला? कारखान्यातल्या साध्या टाकीतून ते गटारात जाते, हे सांगताना मला संकोच वाटतो, पण खोटे लिहून या चर्चेचा उपयोग होणार नाही.

मागच्या महिन्यात यंत्रे विकणारे एक गृहस्थ आले होते. त्यांचे म्हणणे असे की अल्ट्राफिल्ट्रेशनचा, म्हणजे अतिशय बारीक छिद्रांच्या पडद्यातून (मेम्ब्रेनमधून) पाणी दाबाने गाळण्याचा, एक संच बसवला, तर या पाण्यातून रोज नऊ किलोच्या आसपास व्हे प्रोटीन मिळेल, व्यायामशाळांमध्ये त्याला मोठी मागणी आहे आणि संचाची किंमत दोन वर्षांत वसूल होईल. कागदावरचा हिशेब नीट दिसत होता. तरीही कर्ज काढण्यापूर्वी या क्षेत्रातल्या माणसांना विचारावे असे वाटले. या पाण्यात खरोखर एवढे प्रथिन असते का? नसेल तर त्यात घेण्यासारखे दुसरे काय आहे, आणि आमच्याएवढ्या छोट्या कारखान्याला मेम्ब्रेन परवडते का?

माटुंग्याचा_अभियंता

मेघनाताई, कर्ज काढण्यापूर्वी विचारलेत हे फार चांगले केलेत. मी रासायनिक अभियंता आहे आणि नोकरीची बरीच वर्षे दुग्धप्रक्रियेत घालवली आहेत. थोडे सविस्तर लिहितो, कारण विक्रेत्याचा आकडा जिथून आला असावा तिथेच सगळी मेख आहे.

जगभरच्या पुस्तकांत व्हे म्हणून ज्याचे वर्णन असते ते चीजचे पाणी असते. चीजसाठी दूध फक्त पाश्चराइझ करतात, म्हणजे ७२ अंश सेल्सियसला १५ सेकंद तापवतात, आणि मग ३०-३५ अंशांवर रेनेट या विकराने साकळवतात. एवढ्या सौम्य उष्णतेत दुधातली केसीन (पनीर मुख्यतः ज्याचे बनते ते प्रथिन) सोडून इतर प्रथिने, म्हणजे बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन, अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन वगैरे, जवळपास मूळ रूपात पाण्यात विरघळलेली राहतात. म्हणून चीजच्या पाण्यात ०.७ ते ०.८ टक्के प्रथिन सापडते. आपल्या ११५० लिटरला ०.८ टक्क्यांनी गुणले की नऊ किलोंच्या थोडे वर येतात.

आता पनीरचे पाहा. पनीरसाठी आपण दूध ९० अंशांपर्यंत तापवतो, थोडे निववतो आणि सायट्रिक आम्लाने फाडतो. साधारण ७० अंशांच्या वर बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनची घडी उलगडते, आतले गंधकयुक्त गट उघडे पडतात आणि ते प्रथिन केसीनच्या कणांना पक्के बांधले जाते. मग आम्ल घातल्यावर दोन्ही एकत्र खाली बसतात. पनीरचा उतारा चांगला येतो त्याचे हेही एक कारण आहे. विक्रेता जे प्रथिन पाण्यातून काढून देण्याचे वचन देतो आहे, त्यातले बहुतेक आपण सकाळीच पनीरमधून ग्राहकाला विकलेले असते. मागे उरलेल्या पाण्यात ०.३ ते ०.४ टक्के नत्रयुक्त द्रव्य असते, आणि त्यातलाही मोठा वाटा युरिया, लहान पेप्टाइड (प्रथिनांचे तुकडे) अशा पदार्थांचा असतो. हे पदार्थ मेम्ब्रेनच्या छिद्रांतून सरळ निघून जातात. चक्क्याचेही तसेच आहे, कारण दह्यासाठीही दूध उकळीपर्यंत नेलेले असते.

नऊ किलोच्या जागी दोन-तीन किलो हाती येतील, आणि तेही उष्णतेने बदललेले, पाण्यात नीट न विरघळणारे प्रथिन असेल. व्यायामशाळेतल्या डब्यात लोकांना चटकन विरघळणारी पावडर हवी असते. शिवाय अल्ट्राफिल्ट्रेशनमधून जे बाहेर येते ते पातळ द्रावण असते. त्याची पावडर करायला स्प्रे ड्रायर लागतो, आणि दिवसाला तीन किलोसाठी कोणी स्प्रे ड्रायर चालवत नाही. माझे स्पष्ट मत असे की प्रथिनासाठी हा संच आपण घेऊ नये.

मात्र यावरून निवळी टाकाऊ ठरत नाही. तिच्यात साडेचार ते पाच टक्के लॅक्टोज म्हणजे दुग्धशर्करा असते, अर्ध्या टक्क्याच्या वर क्षार असतात आणि राहिलेले जवळजवळ सगळे पाणी असते. आपल्या ११५० लिटरमध्ये रोज पन्नास किलोंहून अधिक लॅक्टोज वाहून जाते. मेम्ब्रेनचा विचार करायचा तर तो याच्यासाठी करावा.

सांडपाणी_काका_मुलुंड

मी सांडपाणी प्रक्रिया केंद्र चालवण्यात आयुष्य काढले, आता निवृत्त आहे. अभियंता साहेबांनी आत काय आहे ते सांगितले, मी बाहेर काय होते ते सांगतो.

निवळीचा बीओडी, म्हणजे ती कुजताना पाण्यातला जो प्राणवायू ओढून घेते त्याचे माप, लिटरला ३० ते ५० हजार मिलिग्रॅम असते. घरगुती सांडपाण्याचे हेच माप दोन-तीनशे मिलिग्रॅम असते. पर्यावरण संरक्षण नियमांमध्ये दुग्धव्यवसायाला प्रक्रियेनंतर सोडायच्या पाण्यासाठी १०० मिलिग्रॅमची मर्यादा दिली आहे. माणशी रोज साधारण ४५ ग्रॅम बीओडी धरतात. आपली ११५० लिटर निवळी ३५ हजारांनी धरली तर रोज ४० किलो होतात, म्हणजे जवळपास नऊशे माणसांच्या वस्तीचा भार एका छोट्या कारखान्याच्या एका नळीतून जातो. मुंबईत अशा किती पेढ्या असतील याचा विचार करा. शर्करा गटारात आंबते, आम्ल होते, प्राणवायू संपतो, मग हायड्रोजन सल्फाइड तयार होऊन वास येतो आणि सिमेंटचे नळ आतून झिजतात. आणि जिथे हे पाणी पावसाळी नाल्यात शिरते, तिथून ते मिठी नदीत आणि माहीमच्या खाडीत जायला फार वेळ लागत नाही.

ताई, मेम्ब्रेन घ्या किंवा घेऊ नका, पण उद्यापासून एक गोष्ट करा. निवळीची नळी आणि फरशी-भांडी धुण्याच्या पाण्याची नळी वेगळी करा. मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक छोट्या कारखान्यात दोन्ही एकाच मोरीत पडतात. एकदा निवळीत साबणाचे आणि फरशीचे पाणी मिसळले की ती खाण्याची वस्तू राहत नाही. मग जगातले कोणतेही यंत्र तिला परत अन्न करू शकत नाही, आणि प्रक्रिया करायच्या पाण्याचा आकारही दुप्पट-तिप्पट होतो.

नवखा_वाचक

माझा दुग्धव्यवसायाशी संबंध नाही, पण धागा वाचताना कुतूहल वाढले. घरच्या पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातही यूएफ आणि आरओ असे शब्द असतात. हे मेम्ब्रेन तेच का? आणि एकाच पाण्यातून एकदा प्रथिन, एकदा साखर असे वेगवेगळे कसे काढता येते?

वैशाली_जीवरसायन

आपला प्रश्न साधा असला तरी मूलभूत आहे. मी महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवते, म्हणून उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

तत्त्व तेच आहे. पाणी दाबाने एका पातळ पडद्यावरून नेतात, आणि छिद्राच्या मापाप्रमाणे काही पदार्थ आरपार जातात, काही अडतात. जे आरपार जाते त्याला पर्मिएट आणि जे अडते त्याला रिटेंटेट म्हणतात. मायक्रोफिल्ट्रेशनची छिद्रे मायक्रोमीटरच्या दहाव्या भागापासून पुढे असतात. तिथे जिवाणू आणि स्निग्धकण अडतात. अल्ट्राफिल्ट्रेशनमध्ये, म्हणजे यूएफमध्ये, प्रथिने अडतात आणि शर्करा जाते. व्हेसाठी साधारण १० हजार डाल्टनच्या (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) वरचे रेणू अडवणारा पडदा वापरतात, कारण अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन सुमारे १४ हजार आणि बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन सुमारे १८ हजार डाल्टनचे आहे. लॅक्टोजचा रेणू फक्त ३४२ डाल्टनचा असल्यामुळे तो निघून जातो. त्याहून बारीक नॅनोफिल्ट्रेशन. त्यात लॅक्टोज अडते, पण सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड यांसारखे एकसंयुजी (एकच विद्युतभार असलेले) आयन बऱ्याच प्रमाणात पाण्याबरोबर बाहेर पडतात, तर कॅल्शियम बहुतांशी आतच राहते. शेवटी रिव्हर्स ऑस्मोसिस म्हणजे आरओ, ज्यातून जवळपास केवळ पाणी जाते.

आरओचा व्यवहारात उतरू शकणारा पडदा १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन यांनी तयार केला. त्यांच्या सेल्युलोज अ‍ॅसिटेटच्या पडद्याला वरती अगदी पातळ घट्ट थर आणि खाली सच्छिद्र आधार होता. या रचनेमुळेच पाण्याचा प्रवाह उपयोगी पडेल इतका वाढला. सौरिराजन मूळचे भारतीय होते, हे मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते. दुग्धव्यवसायात १९६९ मध्ये फ्रान्समधल्या मोबुआ, मोको आणि वासाल यांनी दूधच आधी अल्ट्राफिल्टर करून त्याचे चीज करण्याची पद्धत मांडली आणि पुढच्या दशकात चीजच्या पाण्यावरही हे तंत्र मोठ्या प्रमाणात सुरू झाले. आपल्या तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) भाभा अणुसंशोधन केंद्राने घरगुती शुद्धीकरणासाठी विकसित केलेला पडदा पॉलिसल्फोनचा आहे, आणि व्हेसाठीचे अल्ट्राफिल्ट्रेशन पडदेही याच कुळातल्या बहुवारिकांचे (पॉलिमरचे) असतात.

मेघना_पार्ले

सर्वांचे मनापासून आभार. काका, आपण सांगितल्याप्रमाणे आज प्लंबरला बोलावून पाहणी केली. आपले म्हणणे अक्षरशः खरे निघाले, दोन्ही पाणी एकाच मोरीत पडते आहे. वैशालीताई, एक विचारायचे राहिले. त्या गृहस्थांनी लॅक्टोफेरिन नावाच्या अतिशय महागड्या पदार्थाचाही उल्लेख केला होता. तो तरी आमच्या पाण्यात असतो का? आणि अभियंता सर, नॅनोफिल्ट्रेशन आमच्या मापाचे असते का, ते कसे चालवायचे, हे जरा विस्ताराने लिहाल का?

वैशाली_जीवरसायन

लॅक्टोफेरिन हे लोह बांधणारे प्रथिन आहे आणि ते खरोखर मौल्यवान आहे, पण दुधात त्याचे प्रमाण अत्यल्प असते. त्याचा रेणू सुमारे ८० हजार डाल्टनचा आणि लॅक्टोपेरॉक्सिडेज या दुधातल्याच विकराचा रेणूही जवळपास तेवढाच, त्यामुळे केवळ छिद्राच्या मापावर ते इतरांपासून वेगळे काढता येत नाही. ही दोन्ही प्रथिने दुधाच्या सामान्य सामूलाही (पीएचलाही) धनभारित राहतात, या गुणाचा उपयोग करून त्यांना आयन-विनिमय राळेवर, म्हणजे विरुद्ध भाराच्या कणांवर, पकडतात. त्यासाठी न तापवलेले किंवा सौम्य तापवलेले दूध वा व्हे लागते. ९० अंशांतून गेलेल्या निवळीत ते शोधण्यात अर्थ नाही.

माटुंग्याचा_अभियंता

मेघनाताई, आता नॅनोफिल्ट्रेशनबद्दल लिहितो. लांबेल, पण इथेच बहुतेक लोकांचे नुकसान होते.

पनीरच्या पाण्यात एकूण घनपदार्थ सुमारे ६ टक्के असतात. नॅनोफिल्ट्रेशनने ते २० टक्क्यांपर्यंत नेता येतात. १००० लिटरचे साधारण ३०० लिटर घट्ट द्रावण होते आणि ७०० लिटर पाणी बाहेर पडते. हेच ७०० लिटर पाणी उघड्या कढईत आटवायचे म्हटले तर किलोमागे सुमारे २२६० किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे सव्वाचारशे युनिटांहून जास्त. मेम्ब्रेनमध्ये पाण्याची वाफ करावी लागत नाही, फक्त २०-२५ बार दाब द्यावा लागतो. पंपाची आणि पाणी पुन्हा पुन्हा फिरवण्याची तूट धरली तरी हे काम काही थोड्या युनिटांत होते. मेम्ब्रेनचा खरा फायदा या फरकात आहे. पुढे आणखी घट्ट करायचे असल्यास मात्र आटवण्यालाच पर्याय नाही, कारण परासरण दाब (विरघळलेल्या पदार्थांमुळे पाणी द्रावणाकडे ओढले जाण्याचा दाब) वाढत जातो आणि प्रवाह मंदावतो.

आकाराचे म्हणाल तर चार इंच व्यासाच्या एका गुंडाळी मोड्यूलमध्ये (पडदा गुंडाळून बसवलेल्या नळीत) सहा-सात चौरस मीटर पडदा असतो. चौरस मीटरला तासाला सरासरी १५ ते २५ लिटर पाणी मिळते असे धरा. म्हणजे आपले दिवसभराचे काम एका मोड्यूलवर पाच-सात तासांत होते. यंत्र लहान आहे. अवघड आहे ते त्याची निगा राखणे.

पहिली निगा पूर्वतयारीची. कापडातून सुटलेले पनीरचे बारीक कण आणि म्हशीच्या दुधाचे तूप पडद्यावर जाता कामा नये. त्यासाठी बारीक जाळी, जमले तर साय काढण्याचे सेपरेटर यंत्र, आणि मग काडतूस-गाळणी (कार्ट्रिज फिल्टर) हवी. कण आणि साय पनीरच्या कारखान्यातच परत वापरता येतात, तो फायदा वेगळा.

दुसरी निगा तापमानाची. मुंबईत तीस अंशांच्या हवेत निवळी दुपारपर्यंत आंबते. गाळून झाल्याबरोबर ती पाच अंशांच्या आसपास थंड करावी आणि दहा-पंधरा अंशांना पडद्यावर चालवावी. पन्नास अंशांना प्रवाह जास्त मिळतो हे खरे, पण आम्ल पाण्यात कॅल्शियम पुष्कळ उतरलेले असते आणि कॅल्शियम फॉस्फेटचा स्वभाव असा उलटा की तापवले तर ते कमी विरघळते. ते पडद्यावरच खडूसारखे बसते. याच कारणाने निवळीचा आंबटपणा मोडायला तिच्यात चुना घालू नये. मी एका ठिकाणी हा प्रकार पाहिला आहे, आणि नवा पडदा आठवड्यात निकामी झाला होता.

तिसरी निगा धुण्याची. रोजचे काम संपले की आधी साधे पाणी, मग सुमारे ११ सामूचा अल्कली, पुन्हा पाणी, आणि ठरलेल्या दिवशी २ सामूच्या आसपासचे आम्ल. अल्कलीने प्रथिन आणि तूप सुटते, आम्लाने क्षार सुटतात, एकाने दुसऱ्याचे काम होत नाही. नॅनोफिल्ट्रेशनच्या आणि आरओच्या पॉलिअमाइड पडद्याला क्लोरीन चालत नाही. आपल्याकडे कामगारांना ब्लीचने धुण्याची सवय असते, म्हणून टाकीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे. आणि सणानंतर काम कमी झाले म्हणून संच नुसता बंद ठेवू नये. पडदा वाळला तर गेला. धुऊन सोडियम मेटाबायसल्फाइटच्या सौम्य द्रावणात ओला ठेवावा लागतो.

पनीरचे आणि चक्क्याचे पाणी एकत्र करू नका, हेही सांगून ठेवतो. चक्क्याच्या पाण्यात लॅक्टिक आम्ल असते, त्याचा काही भागच पर्मिएटबरोबर जातो, आणि राहिलेले आम्ल घट्ट द्रावण आंबट करते. अशा द्रावणाची पावडर चिकट होते, आणि मुंबईच्या दमट हवेत तर तिचे ढेकूळच बनते. चक्क्याच्या बाबतीत मेम्ब्रेनची अधिक योग्य जागा पाण्याच्या बाजूला नाहीच. युरोपात क्वार्क (चक्क्यासारखे ताजे चीज) करताना जमलेले दहीच अल्ट्राफिल्ट्रेशनमधून नेऊन घट्ट करतात, त्यामुळे प्रथिन पाण्यात जायचेच थांबते. आपल्याकडे चक्क्याचे प्रमाण वाढले तर तो विचार पुढे करता येईल.

सांडपाणी_काका_मुलुंड

अभियंता साहेबांचा आदर ठेवून माझे वेगळे मत मांडतो. रोज तीनशे लिटर गोडसर-खारट द्रावण तयार करून ताई ते ठेवणार कुठे? ते विकले गेले नाही तर तेच पुन्हा गटारात जाईल, आणि तेव्हा भार आहे तेवढाच राहील. माझ्या मते बायोगॅसचा पर्याय तपासावा. निवळीचा सीओडी, म्हणजे तिच्यातले द्रव्य रसायनांनी पूर्ण जाळायला जो प्राणवायू लागेल त्याचे माप, लिटरला ६० ते ७० ग्रॅम असते आणि एक किलो सीओडीपासून जास्तीत जास्त ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो. रोजच्या निवळीतून सगळी तूट वजा जाता वीस घनमीटर मिथेन धरला, तर त्यातली उष्णता घरगुती १४.२ किलोच्या एका सिलिंडरएवढी होते. दूध तापवायला ती तिथल्या तिथे वापरता येते, ग्राहक शोधावा लागत नाही.

अडचणीही सांगतो. निवळी एकटी टाकली तर टाकी लवकर आम्ल होते आणि मिथेन करणारे जिवाणू थांबतात, म्हणून शेण किंवा सोडा द्यावा लागतो आणि रोज सामू पाहावा लागतो. अंधेरीत टाकीला जागा मिळणे आणि शेण आणणे ही दोन्ही कामे सोपी नाहीत.

माटुंग्याचा_अभियंता

काका, आपला प्रश्न रास्त आहे, ग्राहक ठरल्याशिवाय संच घेऊ नये हे मलाही मान्य आहे. पण लॅक्टोज अन्न आहे. अन्न जाळण्याआधी ते अन्न म्हणून वापरता येते का हे पाहावे, असे मला मनापासून वाटते. लॅक्टोज साखरेच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकेच गोड असते, मात्र लॅक्टेज विकराने त्याचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज केले की गोडी पुष्कळ वाढते आणि थंड केल्यावर वाळूसारखे खडे धरण्याची अडचणही राहत नाही. असे द्रावण मिठाईत, पेयात वापरता येते. फक्त त्या पदार्थाच्या अन्नसुरक्षा मानकात ते बसते का आणि लेबलावर काय लिहावे लागेल, हे आधी तपासावे.

बेकरी_माहीम

मी हा धागा पहिल्यापासून वाचतो आहे. माहीममध्ये आमची पावाची भट्टी आहे आणि ग्राहकाचा विषय निघाला म्हणून लिहितो. आम्ही पूर्वी ओळखीच्या एका डेअरीकडून ताजी निवळी आणून पाण्याऐवजी पिठात घालत होतो. पावाचे यीस्ट लॅक्टोज खात नाही, त्यामुळे ती शर्करा भट्टीपर्यंत टिकते आणि पावाला छान तांबूस रंग येतो. पाव दुसऱ्या दिवशीही मऊ राहायचा. बंद पडले ते एकाच कारणाने, कॅनमधली निवळी आमच्याकडे पोहोचेपर्यंत कधी आंबट व्हायची, कधी नसायची, आणि पिठाचे गणित रोज बदलायचे. शंभर लिटरचा कॅन लोकलच्या मालडब्यातून आणणेही कष्टाचे होते. थंड, तिप्पट घट्ट आणि रोज एकसारखे द्रावण मिळणार असेल, तर तीस लिटरचा कॅन आम्ही रोज घेऊन पाहू. क्षार किती आहेत ते मात्र कळायला हवे, कारण मीठ त्याप्रमाणे कमी करावे लागेल.

मेघना_पार्ले

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

सर्वांत आधी नळ्या वेगळ्या केल्या. पनीरच्या साच्यांखाली स्टीलची पन्हाळ बसवली, तिच्या तोंडाशी बारीक जाळी लावली आणि निवळी थेट जुन्या दूध-शीतक टाकीत नेली. जाळीवर रोज जे पनीर सापडते ते पाहून भाऊ थक्क झाला. इतकी वर्षे ते आम्ही वाहून घालवत होतो. निवळीचा नमुना प्रयोगशाळेत दिला होता. एकूण प्रथिन अर्ध्या टक्क्याच्या खाली आले आणि लॅक्टोज पाच टक्क्यांच्या जवळ. अभियंता सरांनी जे लिहिले होते तेच कागदावर पाहून मी त्या विक्रेत्यांना नम्रपणे नकार कळवला.

त्यानंतर सरांच्या परिचयाच्या एका कार्यशाळेतून चाचणीसाठी एक लहान नॅनोफिल्ट्रेशन संच दहा दिवसांकरिता भाड्याने आणला. पहिल्या दिवशी २०० लिटर निवळीचे ६५ लिटर द्रावण झाले. चवीला ते मंद गोड होते आणि मूळ निवळीचा खारटपणा त्यात बराच कमी जाणवला. चौथ्या दिवशी प्रवाह एकदम निम्म्यावर आला. चौकशी केल्यावर कळले की आदल्या रात्री अल्कलीचे पाणी न तापवता तसेच फिरवले गेले होते. सरांना फोन करून चाळीस अंशांच्या अल्कलीने आणि मग सायट्रिक आम्लाने धुतल्यावर प्रवाह जवळजवळ पूर्ववत झाला. माहीमच्या भट्टीला सहा दिवस द्रावण पाठवले. त्यांना रंग आवडला, पण मिठाचे प्रमाण दोनदा बदलावे लागले. चक्क्याचे पाणी आम्ही या यंत्राला लावलेच नाही. त्यातले थोडे एक दिवस मुरवून दुसऱ्या दिवशी पनीर फाडायला वापरतो. आजोबांच्या काळी हीच पद्धत होती, आणि त्यामुळे सायट्रिक आम्लही कमी लागते.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. पर्मिएट स्वच्छ दिसते म्हणून आम्ही त्याने क्रेट आणि फरशी धुवायला सुरुवात केली, मे महिन्यात टँकर मागवावा लागतो तेव्हा हे पाणी मोलाचे ठरेल. पण दुसऱ्या दिवशी साठवणीच्या टाकीला किंचित वास आला. हे कशामुळे होत असेल?

माटुंग्याचा_अभियंता

नॅनोफिल्ट्रेशनचे पर्मिएट डोळ्यांना पाण्यासारखे दिसले तरी त्यात क्षार, युरिया, आम्ल आणि थोडे लॅक्टोज असते. जिवाणूंना तेवढे पुरते. त्याच दिवशी वापरून टाकी रिकामी आणि कोरडी करावी. साठवायचेच असेल तर मागे एक छोटा आरओचा टप्पा जोडावा लागेल, आणि त्याचे उरलेले खारट पाणी किती व कुठे जाणार याचा हिशेब आधी करावा. बॉयलरला हे पर्मिएट अजिबात देऊ नका, त्यातली क्लोराइडे नळ्या खातील. आपण संच विकत घेण्याच्या निर्णयापर्यंत आला आहात असे वाटते. माझी विनंती अशी की आसपासच्या आणखी दोन पेढ्यांशी आधी बोलून पाहावे. दिवसाला साडेतीन हजार लिटर पाणी एका ठिकाणी आले तर त्याच एका कामगाराच्या आणि त्याच धुण्याच्या रसायनांच्या खर्चात तीन कारखान्यांचे काम होईल. अट एवढीच की प्रत्येकाने आपली निवळी थंड करूनच पाठवावी.

सांडपाणी_काका_मुलुंड

ताई, जाळीवर सापडलेल्या पनीरचे वाचून फार बरे वाटले. पर्मिएटचा बीओडी किती राहिला आहे ते मोजल्याशिवाय ते मोरीत सोडण्याबद्दल मी काही सांगू शकत नाही. शनिवारी सकाळी मी कारखान्यात येतो. तोपर्यंत निवळी, द्रावण आणि पर्मिएट यांचे नमुने सकाळी एकदा व काम संपताना एकदा असे वेगवेगळ्या स्वच्छ बाटल्यांत भरून, वर वेळ लिहून, फ्रीजमध्ये ठेवावेत. बर्फाचा डबा मी आणतो, तिथून बाटल्या सरळ प्रयोगशाळेत नेऊ.